पाणी सोडायची वेळ

विश्रामबागच्या हॉलमध्ये, पंखे कमी आणि माणसं जास्त अशा रविवारी
सरांनी फळ्यावर पाचचा आकडा काढला,
एवढा मोठा, की त्याचं शेपूट फळ्याबाहेर भिंतीवर गेलं.
म्हणाले, जो याच्या आधी उठला तो तरला.
नऊशे रुपयांत वही आणि पेनही मिळालं.

आज बारावा दिवस.

मोबाइल ओट्यावर ठेवायचा, डाळीच्या डब्यामागे,
म्हणजे गजर बंद करायला तरी उठावंच लागतं.
मग दोन पेले पाणी. बसून. घोटघोट.
मग वही, आभार मानायच्या तीन गोष्टी.
पहिले चार दिवस सोपे गेले:
बायको, नोकरी, मुलीचे दहावीचे मार्क.
सहाव्या दिवशी मी गुडघ्यांचे आभार मानले.
काल सरळ लिहिलं, पंखा.

मिरज रोडच्या शोरूमला मी गाड्यांच्या कर्जाचे फॉर्म भरतो.
दुपारी तीनला गिऱ्हाइकासमोर जांभई येते,
ती दातांखाली धरून मी हसतो.
एकानं विचारलं, दाढ दुखतीय का साहेब?

पण आजचं सांगायचंय.

नळ सोडला.
आधी खोकला, मग फुसफुसला, मग आलं पाणी,
आणि आतल्या खोलीतून आप्पांचा आवाज:
"सात मिनटं उशीर."

आप्पा भिंतीकडे तोंड करून, चादर कानापर्यंत.
रोज नऊ वाजेपर्यंत असेच पडलेले असतात
म्हणून वहीत त्यांचं नाव मी एकदा लिहिलं होतं,
आभाराच्या पानावर नाही,
'टाळायच्या सवयी'च्या पानावर, उदाहरण म्हणून.

आदगोंडा चौगुले. नगरपालिका. पाणीपुरवठा.
एकतीस वर्षं पावणेचारला सायकल,
दांडीला बांधलेली पुरुषभर लोखंडी चावी.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, कंदील खाली सोडायचा,
खणभागाला सतरा फेरे, गावभागाला बावीस,
तेवढ्यात कुठलं तरी कुत्रं ओळख दाखवून जायचं.
पूर आला त्या वर्षी
छातीभर पाण्यात उतरून त्यांनी पाणी बंद केलं.
एरवी त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसायचं,
उशीर झाला की मात्र
बायका रिकाम्या कळश्या वाजवत
आडनावासकट उद्धार करायच्या.
आम्ही पोरं तेव्हा झोपेत असायचो.
माझ्या आठवणीत त्यांची पहाट नाहीच,
फक्त उंबऱ्यात वाळत घातलेली ओली चप्पल आहे.

"जागे आहात?"
"ह्या टायमाला मी कधी झोपलोय?"
"मग उठत का नाही?"

बराच वेळ काही नाही. टाकी भरत होती.
मग चादरीतून, हळू:
"दुसऱ्यानं सोडलेलं पाणी
पडून ऐकाय मिळतंय. राहू दे की."

मी कॉटच्या पायथ्याशी टेकलो.
वही स्वयंपाकघरात उघडीच राहिली, व्यायामही राहिला.
सरांनी असं काही सांगितलं नव्हतं,
अंधारात दोन माणसांनी नळ ऐकत बसायचं
आणि त्याला काय नाव द्यायचं.
"नवं पोरगं आहे," आप्पा म्हणाले,
"चावी दणक्यानं फिरवतंय. हवा राहती मग पाइपात.
शिकंल."

पाच वीसला धार बारीक झाली.
"आता गावभागाला वळवलं," ते पुटपुटले,
आणि बोलता बोलता
चादरीवरचा हात सैल पडला, श्वास जड झाला.
अकरा दिवस मी याच वेळी दोरीच्या उड्या मारत होतो,
भिंतीपलीकडे.

मग आठवलं, साडेपाचचा दुसरा गजर,
डाळीच्या डब्यामागे.
तो वाजायच्या आत मी धावलो,
अनवाणी, चवड्यांवर, दिवा न लावता,
इतका जागा, जितका बारा दिवसांत कधीच नव्हतो.